बर्फ पडून पाच दिवस ऊन पडले, म्हणजे उतार सुरक्षित झाला असे मानता येईल का?

लाल_माती (खानापूर)

नमस्कार. प्रश्न थोडा सविस्तर मांडतो आहे.

आम्ही खानापूर आणि बेळगाव परिसरातील आठ जण गेली सात वर्षे एकत्र डोंगर फिरतो. पावसाळ्यात कणकुंबी, आमगाव, चोर्ला या बाजूची जंगले आणि हिवाळ्यात सह्याद्रीतील गड, हे आमचे नेहमीचे क्षेत्र. हिमालयात आम्ही दोनदा गेलो आहोत, पण दोन्ही वेळा मे महिन्यात, जेव्हा बर्फ केवळ नाल्यांत आणि सावलीतल्या कपारींत उरलेला असतो. भर हिवाळ्यातील बर्फावर आमच्यापैकी एकानेही अद्याप पाऊल ठेवलेले नाही.

यंदा फेब्रुवारीच्या अखेरीस मनालीहून सोलंगमार्गे धुंडीपर्यंत आणि तेथून बियास कुंडाच्या दिशेने जाण्याचे ठरवले आहे. दोन रात्री बर्फावर तंबूत राहायचे आणि तिसऱ्या दिवशी उत्तरेकडे तोंड असलेल्या एका मोकळ्या उतारावरून डोंगराच्या धारेपर्यंत चढून परत यायचे, असा बेत आहे. सोबत स्थानिक वाटाड्या असेल. गोवा एक्सप्रेसची दिल्लीपर्यंतची तिकिटे काढून झाली आहेत आणि निघायला अजून तीन आठवडे आहेत.

वाटाड्याशी परवा फोनवर बोललो. त्याने सांगितले ते असे : डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दीड-दोन फूट बर्फ पडला. त्यानंतर जवळजवळ सहा आठवडे आकाश निरभ्र राहिले, रात्री कडाक्याची थंडी पडत होती आणि नवा बर्फ जवळजवळ पडलाच नाही. गेल्या आठवड्यात मात्र दोन दिवसांत अडीच फुटांच्या आसपास बर्फ पडला आणि त्याबरोबर जोराचा वाराही होता. ‘कितीही बर्फ पडू द्या, वर पाच दिवस ऊन पडले की तो बसतो, मग काही भीती नाही,’ असे त्याचे म्हणणे आहे.

आमच्याकडे चोर्ला घाटात दरड कोसळते तेव्हाचा अनुभव साधारण असाच असतो. पाऊस थांबतो, दोन-चार दिवस उघडीप मिळते, माती निथळते आणि मग रस्ता पुन्हा सुरू होतो. बर्फालाही हाच न्याय लागू पडतो का, हे मला जाणून घ्यायचे आहे. घरच्या मंडळींच्या मनात शेजारच्या धारवाड जिल्ह्यातील, सियाचीनमध्ये बर्फाखाली गाडले गेलेले जवान लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद यांची आठवण अजून ताजी आहे, आणि ‘तुम्ही नेमके कशाच्या भरवशावर जात आहात’ या माझ्या आईच्या प्रश्नाला माझ्यापाशी आज उत्तर नाही.

हिमरेषा (टिळकवाडी, बेळगाव)

वाटाड्याने सांगितलेली हकीकत आपण जशीच्या तशी लिहिलीत हे फार चांगले केलेत, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या हकिकतीतच आहे. मी भूशास्त्र शिकवते. मनालीला गिर्यारोहणाचा प्राथमिक अभ्यासक्रम केल्यानंतर हिवाळ्यातील हिमालयात माझे चार-पाचदा जाणे झाले आहे, त्या आधारावर लिहिते.

पाच दिवसांचा नियम अर्धा खरा आहे. नुकताच पडलेला बर्फ स्वतःच्या वजनाने दबतो, त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि काही दिवसांत तो पुष्कळ स्थिर होतो. वाटाडे हे दर हिवाळ्यात पाहतात आणि त्यांचे निरीक्षण चुकीचे नाही. परंतु हा नियम वरच्या थराबद्दल बोलतो. तो थर कशावर बसला आहे, याविषयी तो काहीच सांगत नाही, आणि यंदा तुमच्या मार्गावर सारी काळजी त्या खालच्या थराची आहे.

डिसेंबरात पडलेल्या दीड-दोन फूट बर्फाचे सहा आठवड्यांत काय झाले असेल ते पाहू. बर्फाखालची जमीन उन्हाळ्यातली उष्णता धरून असते, त्यामुळे बर्फाच्या तळाचे तापमान शून्य अंशाच्या आसपास राहते. वरचा पृष्ठभाग मात्र निरभ्र रात्री फार थंड होतो. समजा तो उणे १५ अंशांपर्यंत गेला आणि बर्फाची जाडी ५० सेंटिमीटर आहे, तर दर १० सेंटिमीटरला ३ अंशांचा फरक पडतो. हा फरक दर १० सेंटिमीटरला १ अंशाच्या वर गेला की बर्फाच्या आतील पाण्याची वाफ उबदार तळाकडून थंड पृष्ठभागाकडे वेगाने सरकू लागते, वाटेत पुन्हा गोठते आणि कणांचा आकारच बदलून टाकते. गोलसर, एकमेकांना धरून राहणारे कण जाऊन त्यांच्या जागी मोठे, कोनदार, चकचकीत आणि एकमेकांशी फारसे न जोडलेले कण तयार होतात. आपल्या चिकोडी-संकेश्वर पट्ट्यातील कारखान्यांची जाड दाण्याची कोरडी साखर मुठीत घेऊन कितीही दाबली तरी तिचा लाडू वळत नाही, तशी या बर्फाची अवस्था होते. थर जितका पातळ आणि थंडी जितकी लांबलेली, तितकी ही साखर अधिक. उलट बर्फ तीन मीटर जाड असता, तर तोच १५ अंशांचा फरक तीन मीटरभर वाटला गेला असता, दर १० सेंटिमीटरला अर्धा अंशच आला असता आणि कण हळूहळू गोल होऊन बर्फ मजबूत झाला असता. म्हणूनच कमी बर्फाचे वर्ष हे सुरक्षित वर्ष, ही आपल्याकडे सर्वत्र आढळणारी समजूत मला फार धोक्याची वाटते.

आता या साखरेवर गेल्या आठवड्यातला अडीच फूट बर्फ येऊन पडला आहे, तोही वाऱ्यासह. वारा बर्फाचे कण फोडून बारीक करतो आणि डोंगराच्या आडोशाच्या बाजूला घट्ट रचतो. त्यातून एकसंध, ताठर असा पत्रा तयार होतो. खानापूरच्या कौलांची चळत उतरत्या फळीवर पसरलेल्या भाताच्या तुसावर रचून ठेवली तर जे होईल, ते येथे होऊ शकते. चळत तासन्‌तास जागेवर राहील, आणि कुणी फळीला धक्का दिला की सगळी एकदम सुटेल. वजनाचा अंदाज यावा म्हणून साधे गणित देते. ४० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड असा बर्फाचा तुकडा घेतला आणि त्याची घनता घनमीटरला २०० किलो धरली, तर त्याचे वजन १२० टन भरते, म्हणजे उसाने भरलेले सहा ते आठ ट्रक. असा तुकडा काही सेकंदांत ताशी ८० ते १०० किलोमीटरचा वेग घेतो. उतारांच्या मानाने पाहिले तर हा तुकडा लहानच म्हणावा लागेल.

दरडीशी तुलना येथेच तुटते. दरडीमागचे बळ मातीत मुरलेल्या पाण्याचे असते. पाणी निथळले की दाब उतरतो आणि धोका बराच ओसरतो. साखरेसारख्या थरातून निथळून जाण्यासारखे काही नसते. तो वरच्या ओझ्याखाली दबून हळूहळू बळकट होतो खरा, पण त्याला आठवडे लागतात, आणि थंडी तशीच राहिली तर कधी कधी संपूर्ण हिवाळा लागतो. या काळात वरून ऊन, निळे आकाश आणि सपाट पांढरा उतार दिसत राहतो. धक्का मात्र एका माणसाच्या वजनाचाही पुरतो. मौजेसाठी बर्फात गेलेल्या लोकांच्या प्राणघातक अपघातांचा अभ्यास सांगतो की दहापैकी जवळजवळ नऊ वेळा हिमस्खलन सापडलेल्या व्यक्तीने किंवा तिच्या सोबत्याने स्वतःच सुरू केलेले असते. शिवाय असा थर पायाखाली खचला की तडा बाजूला आणि वरच्या दिशेने धावत जातो, त्यामुळे उताराच्या पायथ्याशी सपाटीवर चालणाऱ्या माणसामुळेसुद्धा वरच्या उतारावरचा बर्फ सुटू शकतो. चालताना पायाखालून ‘धप्प’ असा दबका आवाज आला, किंवा पावलापासून बर्फात तडा पळत गेला, तर तो बर्फानेच दिलेला स्पष्ट नकार समजावा आणि आल्या वाटेने मागे फिरावे.

तुमचा उतार उत्तरेकडे तोंड असलेला आहे, ही गोष्ट मला विशेष खटकते. हिवाळ्यात त्या बाजूला ऊन जवळजवळ पोचत नाही, म्हणून तिथला कमकुवत थर सर्वांत जास्त काळ टिकतो. वाटाड्याचे पाच दिवसांचे ऊन त्या उतारावर पडतच नाही. शिवाय पश्चिमी झंझावाताच्या, म्हणजे हिवाळ्यात हिमालयात बर्फ आणणाऱ्या वादळी हवेच्या वेळी वारे बहुधा नैर्ऋत्येकडून येत असल्याने उत्तर आणि ईशान्येकडच्या उतारांवर बर्फ अधिक साचतो. दक्षिणेकडच्या उतारांचे दुखणे वेगळे असते. तिथे फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी बर्फ ओला होऊन घसरतो, म्हणून तिथून सकाळी लवकर जाऊन दुपारपूर्वी बाहेर पडावे लागते.

आता तुमच्या हातात काय आहे ते लिहिते. कमकुवत थर डोळ्यांना दिसत नाही, पण उताराचा कोन मोजता येतो. थर पत्र्यासारखा तुटून होणारी हिमस्खलने बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, त्यातही ३८ अंशांच्या आसपास सर्वाधिक. म्हणून वाटाड्याला पहिला प्रश्न विचारा तो हा, की धारेकडे जाणारा उतार किती अंशांचा आहे आणि त्याच्या माथ्यावर काय आहे. मोबाईलमध्ये कोन मोजणारे ॲप असते. इथेच राजहंसगडाच्या उतारांवर ते वापरून पाहा, म्हणजे २५ अंश आणि ३५ अंश यांतला फरक पायांना कळेल. नजरेला तो बहुतेक वेळा चुकीचा कळतो. स्वतः २० अंशांच्या वाटेवर असलात तरी डोक्यावर ३५ अंशांचा उतार असेल, तर तुम्ही त्याच्याच मार्गात आहात हे विसरू नये.

बर्फात खड्डा खणून थर तपासण्याची पद्धत आहे. बर्फाचा एक स्तंभ मोकळा करून त्यावर फावडे ठेवायचे आणि आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा थापा मारून कितव्या थापेला कोणता थर तुटतो ते पाहायचे. हे जरूर शिकावे. मात्र एका खड्ड्यात थर टिकला म्हणून सगळा उतार टिकेल असा अर्थ काढू नये, कारण वीस पावलांवर बर्फाची जाडी आणि रचना वेगळी असू शकते. खड्डा ‘जाऊ नका’ असे सांगू लागला तर त्याचे तत्काळ ऐकावे. ‘जा’ असे म्हणाला तर मात्र त्यावर विसंबू नये.

हिमस्खलनाचा अधिकृत इशारा चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था देते. पूर्वी मनालीत १९६९ पासून असलेली सासे ही संस्था २०२० मध्ये तिच्यात विलीन झाली. तुमच्या मार्गावरच्या धुंडीला या संस्थेचे बर्फ आणि हवामान यांचे निरीक्षण केंद्र आहे, यावरूनही त्या दरीचा स्वभाव ध्यानात यावा. इशारे जिल्हा आणि उंची यांनुसार असतात. तुमच्या विशिष्ट उताराबद्दल ते बोलत नाहीत. हिमस्खलनाचा धोका सांगणाऱ्या, जगभर वापरात असलेल्या पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर युरोप-अमेरिकेतील सर्वाधिक मृत्यू तिसऱ्या पायरीच्या दिवशी होतात, कारण चौथ्या-पाचव्या पायरीला लोक घरीच थांबतात आणि तिसरीला ‘मधलीच तर आहे’ असे म्हणून निघतात. कुल्लू जिल्हा प्रशासन हिवाळ्यात अनेकदा उंच भागातील पदभ्रमणावर बंदी घालते, त्याचीही चौकशी करून घ्यावी.

वेदगंगा (निपाणी)

ताईंनी फार अभ्यासपूर्ण लिहिले आहे, तरीही एक वेगळे मत नोंदवतो. मी गेली चार वर्षे सलग जानेवारी-फेब्रुवारीत उत्तराखंड आणि हिमाचलमध्ये बर्फात फिरलो आहे. प्रत्येक वेळी स्थानिक वाटाड्याच्या शब्दावर गेलो आणि एकदाही बर्फ हललेला पाहिला नाही. ज्या माणसाचा जन्म त्या दरीत गेला, ज्याचे वडील आणि आजोबा त्याच वाटांनी मेंढरे घेऊन गेले, त्याला आपण बेळगावात बसून कोन आणि कण शिकवावेत हे मला पटत नाही. त्याच्या घरची चूल या दोन महिन्यांच्या कमाईवर पेटते. प्रत्येकजण असा घाबरून थांबला तर त्याने काय करावे, याचाही विचार व्हावा.

निवृत्त_सुभेदार (बेळगाव कॅम्प)

वेदगंगा यांचा मुद्दा मनापासून आला आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. पायदळात माझी अठ्ठावीस वर्षे नोकरी झाली, त्यातील दोन कार्यकाळ बर्फातल्या चौक्यांवर गेले.

स्थानिक माणसाचे ज्ञान सोन्याच्या मोलाचे आहे. कोणत्या नाळेतून, म्हणजे डोंगरउतारावरच्या घळीतून, दर वर्षी बर्फ खाली येतो, कोणत्या वर्षी तो रस्ता ओलांडून नदीपर्यंत गेला होता, कोणत्या टेकाडावरची जुनी झाडे कधीच मोडली नाहीत, हे त्याच्याइतके कुणालाही ठाऊक नसते आणि तेच त्याला विचारावे. परंतु बर्फाच्या पोटातला थर त्यालाही दिसत नाही. ‘आजवर काही झाले नाही’ या वाक्याचे वजन किती, हे मी एका उतारावर शिकलो.

आमच्या चौकीकडे येणारी रेशनची वाट एका रुंद नाळेच्या तोंडावरून जात असे. हिवाळा सुरू झाल्यापासून आमची तुकडी ती वाट चाळीसहून अधिक वेळा ओलांडून गेली होती आणि एकदाही काही घडले नव्हते. मग मोठा बर्फ पडला, इशारा आला आणि आमच्या साहेबांनी चार दिवस सगळी हालचाल बंद ठेवली. त्या चार दिवसांत उतार जागचा हलला नाही. जवान कुरकुर करू लागले, कारण रॉकेल मोजून वापरावे लागत होते. पाचव्या दिवसापासून वाट पुन्हा सुरू झाली. त्यानंतर नऊ दिवसांनी, स्वच्छ उन्हाच्या दुपारी, संपूर्ण नाळ एकाच वेळी सुटली. आमची तुकडी तासाभरापूर्वी तिथून गेली होती. मी त्या तुकडीत होतो. वाटेवर नंतर दोन पुरुष उंचीचा बर्फ होता आणि तो इतका घट्ट बसला होता की फावड्याचे पाते आत जाईना. आम्ही चाळीस वेळा सुखरूप गेलो होतो, त्यात आमच्या शहाणपणाचा वाटा किती होता हे मला त्या दिवशी कळले.

हणमंतप्पा कोप्पद यांचा उल्लेख झाला आहे, म्हणून त्याबद्दलही लिहितो, कारण त्या घटनेतून अनेकांनी चुकीचा अर्थ काढला आहे. ते कुंदगोळ तालुक्यातील बेटदूरचे, १९ मद्रास पलटणीचे. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये सुमारे १९,६०० फुटांवरील सोनम चौकीवर बर्फाची भिंत कोसळली आणि दहा जण गाडले गेले. सहाव्या दिवशी पंचवीस-तीस फूट बर्फाखालून ते जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांनी प्राण सोडला. बाकीचे नऊ जण वाचू शकले नाहीत. ती घटना बर्फाची भिंत तुटण्याची होती, उतारावरचा थर सुटण्याची नव्हती. सहा दिवस तग धरणे हा लाखात एखाद्या वेळी घडणारा प्रकार आहे, त्यावर कुणी हिशेब बांधू नये.

हिशेब असा आहे. पूर्णपणे गाडल्या गेलेल्या माणसाला पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढले तर वाचण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. पस्तीस मिनिटांपर्यंत ती तीस टक्क्यांवर येते. बहुतेक मृत्यू गुदमरून होतात. म्हणजे मनालीहून निघालेली मदत, हेलिकॉप्टर, पोलीस, यांपैकी कुणीही वेळेत पोचणार नाही. तुमच्या आठ जणांना जे वाचवतील ते तुमच्यातलेच उरलेले असतील. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर चालू स्थितीतला बीकन (गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा देणारे आणि शोधणारे संकेतयंत्र), आणि प्रत्येकाच्या पाठपिशवीत प्रोब (बर्फात खुपसून शोधण्याची लांब सळई) आणि धातूचे फावडे पाहिजे. आठ जणांत तीन बीकन घेऊन जाण्यात अर्थ नाही, कारण ज्याच्या अंगावर बीकन नाही तो सापडत नाही आणि तो दुसऱ्याला शोधूही शकत नाही. आमच्या वेळी कमरेला लाल दोरी बांधून तिचे टोक मागे सोडत असू, या आशेने की दोरीचा एखादा भाग तरी बर्फावर दिसेल. आज त्याहून कितीतरी चांगले साधन उपलब्ध आहे, ते वापरा.

काही शिस्ती आम्हाला अंगवळणी पडल्या होत्या, त्या तुम्हालाही लागू पडतील. संशयाचा पट्टा ओलांडताना एका वेळी एकच माणूस जातो आणि बाकीचे सुरक्षित जागी थांबून त्याच्यावरची नजर हलवत नाहीत, कारण तो शेवटचा कुठे दिसला हे ठाऊक असणे शोधाच्या वेळी फार उपयोगी पडते. काठीचे पट्टे मनगटातून काढलेले असतात. नाळेत, ओढ्याच्या खोबणीत किंवा कड्याच्या माथ्यावर सोडणाऱ्या उतारावर थांबायचे नसते, कारण तिथे थोडासा बर्फही माणसाला खोल गाडतो किंवा खाली फेकतो. तंबूची जागा निवडताना तर दुप्पट काळजी घ्यावी. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळ माणा येथे रस्ते बांधणीच्या छावणीवर हिमस्खलन झाले आणि ५४ कामगार त्यात सापडले. ४६ जणांना वाचवता आले, आठ जण दगावले. ती माणसे चालत नव्हती, चढत नव्हती, आपल्या निवाऱ्यात होती.

वाटाड्याच्या पोटाचा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर सोपे आहे. त्याला ठरलेली पूर्ण रक्कम आधीच द्या आणि सांगा की वर गेलो काय किंवा खालच्या कुरणातच राहिलो काय, पैशात फरक पडणार नाही. मग तो तुम्हाला खरे ते सांगेल.

वेदगंगा (निपाणी)

सुभेदारसाहेब, आपला अनुभव वाचून मी माझ्या चार वर्षांचा पुन्हा विचार केला. गेल्या वर्षी एका उतारावर पायाखालून तसाच दबका आवाज आला होता आणि वाटाड्याने ‘बर्फ बसतो आहे’ असे म्हटल्यावर आम्ही तसेच पुढे गेलो होतो. तो आवाज कशाचा होता हे मला आज कळले. शेवटच्या सूचनेशी मी पूर्ण सहमत आहे.

हिमरेषा (टिळकवाडी, बेळगाव)

त्या आवाजाच्या वेळी वरचा थर खालच्या कमकुवत थरावर खचतो आणि मधली हवा बाहेर ढकलली जाते. वाटाड्याने ‘बसतो आहे’ म्हटले ते शब्दशः खरेच होते, पण तसा तो सपाटीवर बसतो, तर ३५ अंशांवर बसता बसता निघून जातो.

एक पुरवणी जोडते. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडात द्रौपदी का डांडा या शिखरावर उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेतील प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक हिमस्खलनात सापडले आणि २९ जण गेले. त्यांत एव्हरेस्ट सर केलेल्या प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. आपल्या कर्नाटकातून गेलेली मुलेही होती. प्रशिक्षण, अनुभव, साधने, सर्व काही असलेल्या माणसांच्या बाबतीतही असे घडू शकते, म्हणून लाल_माती यांना माझी विनंती आहे की धारेपर्यंत जाण्याचा निर्णय वर जाऊन, उतारासमोर उभे राहून घेऊ नका. तिथे थकवा असतो, उत्साह असतो, खर्च झालेला असतो आणि आठांपैकी ज्याला भीती वाटते तो बहुधा बोलत नाही. निर्णय इथेच घ्या, आणि कुणाही एकाचा नकार हा सगळ्यांचा नकार मानायचा असे निघण्यापूर्वी ठरवा.

लाल_माती (खानापूर)

सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही आठही जण खानापुरात भेटलो आणि येथील उत्तरे मोठ्याने वाचून काढली. त्यानंतर वाटाड्याला फोन केला.

कोनाचा प्रश्न विचारल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला की अंश त्याला सांगता येणार नाहीत, पण त्या उतारावर हात पुढे केला की बर्फाला टेकतो. हिमरेषाताईंना हे कळवले तेव्हा त्यांच्या मते तो उतार सहज ३५ अंशांच्या वर असावा. त्याचे पूर्ण पैसे आधी देण्याचे सांगितल्यावर तो मोकळेपणाने बोलू लागला. ती धार तो स्वतः यंदा टाळतोच आहे, पण ‘तुम्ही इतक्या लांबून येता आणि सगळ्यांना वर जायचेच असते’ म्हणून त्याने आम्हाला नाही म्हटले नव्हते. कोणत्या दोन नाळांतून बर्फ दरीच्या तळापर्यंत येतो, हेही त्याने सांगितले. आम्ही तंबूसाठी ठरवलेली दुसरी जागा त्यातल्या एका नाळेच्या समोर होती.

बेत बदलला आहे. तिसऱ्या दिवसाची चढाई रद्द केली आहे आणि धुंडीच्या पुढे जाणार नाही. सोलंगच्या वरच्या बाजूला, डोक्यावर तीव्र उतार नसलेल्या आणि जुन्या झाडांच्या आधाराने असलेल्या कुरणात दोन्ही रात्री राहू, आणि एक संपूर्ण दिवस खड्डा खणून थर पाहण्यात घालवू. वाटाड्यालाही ते पाहायचे आहे. प्रशासनाची बंदी लागू झाली, तर मनालीतच राहून परत येऊ. आईला मी हे सर्व नकाशा पुढे ठेवून समजावून सांगितले. तिने फक्त तंबूची जागा कोणती ते दोनदा विचारले आणि नकाशावर त्या जागेभोवती पेन्सिलीने गोल काढून घेतला.

बीकन, प्रोब आणि फावडी वाटाड्याच्या ओळखीने मनालीत भाड्याने मिळणार आहेत. हिमरेषाताईंनी सरावासाठी आपले दोन बीकन देऊ केले आहेत. येत्या रविवारी सकाळी सात वाजता नंदगडजवळ आमच्या मित्राच्या शेतात जमत आहोत. भाताची मळणी आटोपली आहे आणि तिथे तीन मोठ्या गवतगंज्या आहेत. त्यांतील एकीत चालू बीकन पोत्यात बांधून पुरायचा आणि प्रत्येकाने घड्याळ लावून तो शोधून काढायचा, असे ठरले आहे. सुभेदारसाहेब स्वतः येणार आहेत. वेदगंगा यांनीही यावे, निपाणीहून सकाळची बस बेळगावात वेळेत पोचते, पुढे आमची गाडी आहे. येताना हातमोजे आणावेत, कारण बर्फात मोजे घालूनच बटणे दाबावी लागतात, आणि मोबाईल गाडीतच ठेवावेत, कारण ते जवळ असले की बीकनच्या संकेतात व्यत्यय येतो.